पडलेला चिमटा आणि लिहिलेली रीत

गेल्या वर्षीं उजव्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढून घेण्यासाठीं मी एका रुग्णालयांत दाखल झालों होतों. शस्त्रक्रियेच्या दिवशीं सकाळीं एका परिचारिकेनें माझें नांव विचारलें व कोणता डोळा तें विचारलें. मीं सांगितलें. अर्ध्या तासानें दुसरीनें येऊन तेंच विचारलें. मीं पुन्हां सांगितलें. अखेरीस शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशीं तिसरीनें हातांत कागद धरून पुन्हां तोच प्रश्न केला, तेव्हां मात्र पस्तीस वर्षें वर्गापुढें उभें राहिलेल्या माणसाचा स्वभाव जागा झाला. मीं म्हटलें, "सिस्टर, हें आपण तिसऱ्यांदा विचारीत आहांत. आपल्या कागदावर लिहिलेलें नाहीं का?" ती तरुण मुलगी मुळींच रागावली नाहीं. ती म्हणाली, "लिहिलेलें आहे, काका, म्हणूनच विचारतें. कागद चुकला असेल तर तुम्ही सांगाल, आणि तुम्ही चुकलांत तर कागद सांगेल."

डोळ्यावर पट्टी बांधून पडलों असतां तें वाक्य माझ्या मनांत घोळत राहिलें. शाळेंत मुलाचें उत्तर चुकलें तर लाल शाईची रेघ पडते आणि दुसऱ्या दिवशीं तें उत्तर नव्यानें लिहितां येतें. रुग्णालयांतील चूक तशी खोडतां येत नाहीं. म्हणून काम कसें करावयाचें हें आधीं लिहून ठेवणें, केलेलें काम नोंदणें, आणि लिहिलेलें व केलेलें एकमेकांशीं ताडून पाहणें ही रीत तेथें आली. ती कशी आली, तिच्यासाठीं कोणाकोणाला काय सोसावें लागलें, आणि ती केव्हां फळते व केव्हां फसते, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी वैद्य नव्हें. जुनीं पुस्तकें चाळण्याची हौस असलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. श्रोत्यांना मीं प्रथम व्हिएन्नास नेईन, मग आपल्या परळास व तेथून पंजाबांतील एका खेड्यांत, नंतर अमेरिकेंतील बोस्टन व बाल्टिमोर या शहरांत, आणि शेवटीं पुन्हां त्या दारापाशीं आणून सोडीन.

व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. कोणत्या विभागांत जावयाचें हें बाईच्या हातीं नव्हतें. ती ज्या दिवशीं येई त्या दिवशीं ज्या विभागाची पाळी असेल तेथें तिला घेत. तरीहि पहिल्या विभागांत जावें लागूं नये म्हणून गोरगरीब बायका हातापाया पडत. त्यांना जें ऐकून ठाऊक होतें तेंच रुग्णालयाच्या दप्तरांत आंकड्यांनीं लिहिलेलें होतें. १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४०१० बाळंतिणींपैकीं ४५९ दगावल्या, म्हणजे शेंकडा अकरांहून अधिक. दुसऱ्या विभागांत ३७५४ पैकीं १०५ दगावल्या, म्हणजे शेंकडा तीनहि नव्हत्या.

त्याच वर्षीं इग्नाझ सेमेलव्हाइस हा हंगेरीचा तरुण डॉक्टर पहिल्या विभागांत साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्यानें दोन्ही विभागांतील कामाची रीत कलमाकलमानें ताडून पाहिली. हवा तीच, अन्न तेंच. गर्दी म्हणावी तर ती दुसऱ्या विभागांतच अधिक. मार्च १८४७ मध्यें त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेत्श्का हे शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याच्या सुरीची जखम होऊन वारले, आणि त्यांच्या आजाराचीं लक्षणें बाळंतिणींच्या ज्वराशीं हुबेहूब जुळलीं. तेव्हां उलगडा झाला. पहिल्या विभागांतील विद्यार्थी प्रेतें चिरून त्याच हातांनीं बाळंतिणींना तपासावयास येत. सुइणींना शवविच्छेदन करावें लागत नसे. मेच्या मध्यापासून सेमेलव्हाइसनें नियम केला कीं, क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुतल्यावांचून कोणीं बाळंतिणीला स्पर्श करूं नये. १८४८ सालीं त्या विभागांत ३५५६ बाळंतिणींपैकीं ४५ दगावल्या, म्हणजे शेंकडा सव्वा. दोन विभागांतील भेद नाहींसा झाला.

एवढें यश मिळाल्यावर ही रीत युरोपभर पसरावयास हवी होती. तसें झालें नाहीं. आपल्याच हातांनीं रुग्ण दगावले हें मान्य करणें कित्येक नामांकित वैद्यांना जड गेलें, आणि सेमेलव्हाइसनें स्वतः आपलें म्हणणें पद्धतशीर लिहून काढण्यास फार उशीर केला. त्याचा सविस्तर ग्रंथ तब्बल चौदा वर्षांनीं, १८६१ सालीं, प्रसिद्ध झाला, आणि त्यांत विरोधकांवरील संतापच इतका होता कीं वाचकांचीं मनें दुखावलीं. १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा अंत झाला. दप्तरांतील आंकड्यांनीं त्याला सत्य दाखविलें होतें. परंतु तें इतरांच्या हातीं पडेल अशा रीतीनें त्यानें वेळेवर उतरवून दिलें नाहीं. नियम त्याच्या धाकानें चालत होता. धाक संपला कीं नियमाला आधार राहत नाहीं, हें शाळेंत काम केलेल्या कोणालाहि ठाऊक आहे.

मग रीत लिहून ठेवली आणि नोंद चोख ठेवली तर सर्व भागतें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास आपण आतां मुंबईस येऊं.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला. ओस पडलेल्या आळ्या आणि गांवाबाहेर घातलेल्या झोपड्या यांच्या गोष्टी आपल्यापैकीं अनेकांच्या घरांत आजी-पणजीच्या तोंडून उतरलेल्या आहेत. त्याच सुमारास वाल्देमार हाफकिन हा शास्त्रज्ञ सरकारच्या सांगण्यावरून मुंबईस आला. त्याचा जन्म १८६० मध्यें ओडेसा येथें झाला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यानें कॉलऱ्याची लस तयार केली होती आणि १८९३ पासून तो हिंदुस्थानांत ती टोचीत फिरत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका खोलींत व तिच्या ओसरींत त्यानें प्लेगच्या लशीचें काम आरंभिलें, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्यें त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यांत गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

लस तयार करण्याची रीत मोठी काळजीची होती. मांसाच्या निवळ काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या खालीं प्लेगचे जंतू लोलकांसारखे लोंबत वाढत. अनेक आठवड्यांनीं ते उष्णतेनें मारीत, मग त्यांत कार्बोलिक आम्ल घालीत आणि लस बाटल्यांत भरीत. प्रत्येक बाटलीला क्रमांक असे. मागणी वाढली तेव्हां हाफकिननें रीत बदलली. लस लवकर तयार व्हावी म्हणून जंतू वाढविण्याची पद्धत पालटली, आणि उष्णता पुरेशी आहे असें मानून कार्बोलिक आम्ल वगळलें. हा बदल आपण ध्यानांत ठेवूं, कारण पुढें सारें प्रकरण त्याच्याभोंवतीं फिरलें.

१९०२ सालीं पंजाब सरकारनें मोठ्या प्रमाणावर टोचणीचें काम हातीं घेतलें. ३० ऑक्टोबर रोजीं पंजाबांतील गुजरात नांवाच्या जिल्ह्यांत, मुलकोवाल या गांवीं, १०७ जणांना लस टोचण्यांत आली. त्या दिवशीं पांच बाटल्या उघडल्या गेल्या. आठवडाभर कांहीं झालें नाहीं. नंतर एकामागून एक १९ जणांना धनुर्वाताची लक्षणें दिसूं लागलीं, आणि ते एकूण एक दगावले. कोणाला कोणत्या बाटलींतून टोचलें हें पाहिलें तेव्हां दिसून आलें कीं, हे सर्व १९ जण ५३-एन या एकाच बाटलींतील होते. उरलेल्या चार बाटल्यांतील ८८ जण सुखरूप होते.

श्रोत्यांनीं येथें क्षणभर थांबावें. बाटलीवर क्रमांक नसता आणि माणसाच्या नांवापुढें तो ताडतां आला नसता, तर '१०७ पैकीं १९ लशीनें मेले' एवढेंच जगाला कळलें असतें. एका साध्या क्रमांकामुळें विष लशींत नव्हे, एका बाटलींत होतें, हें कळूं शकलें. नोंदीनें आपलें अर्धें काम केलें होतें.

परंतु उरलेलें अर्धें काम अडून बसलें. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलींत शिरले कोठें? परळांत भरतांना, कीं मुलकोवालांत उघडतांना? सरकारनें मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी मंडळ नेमलें. मंडळाचा कल असा पडला कीं, बाटली मुलकोवालांत उघडण्यापूर्वींच दूषित झालेली असावी. आणि कार्बोलिक आम्ल वगळल्याबद्दल हाफकिनवर ठपका आला. आपल्या हातानें उभारलेल्या प्रयोगशाळेंतून त्याला दूर व्हावें लागलें.

आतां दुसरी बाजू पाहूं. साक्षींत असें निघालें होतें कीं, बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातांतील चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करतांच पुन्हां वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातींत असतात हें शास्त्राला तेव्हांहि ठाऊक होतें. बाटलींत धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे वाढत असते तर उघडतांच घाण वास यावयास हवा होता. टोचणाऱ्या डॉक्टरास वास आला नव्हता. शिवाय जंतू आधींपासून वाढून त्यांचें विष बाटलींत सांचलेलें असतें, तर लक्षणें इतक्या उशिरां न दिसतां लवकर दिसलीं असतीं. लंडनच्या लिस्टर संस्थेनें कागदपत्र पाहून सांगितलें कीं, जंतू कोणत्या टप्प्यावर शिरले हें खात्रीनें ठरवितां येत नाहीं. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले सर रोनाल्ड रॉस यांनीं हाफकिनची बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्यें लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत रॉस व इतर नामवंत शास्त्रज्ञ यांच्या सह्यांचें पत्र आलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरला. घटना घडल्याला तोंवर पांच वर्षें होऊन गेलीं होतीं.

या पांच वर्षांची किंमत कोणीं दिली? हाफकिननें दिली हें उघडच आहे. तो परत आला तो कलकत्त्यास, आणि पूर्वीचें काम त्याला पुन्हां मिळालें नाहीं. परंतु लोकांनीं दिलेली किंमत अधिक मोठी होती. लशीवरचा विश्वास उडाला. त्याच १९०७ सालीं हिंदुस्थानांत प्लेगनें दहा लाखांहून अधिक माणसें नेलीं, आणि सर्वांत मोठा फटका पंजाबासच बसला. त्यांतील किती जण लशीनें वांचले असते हें कोणी सांगूं शकणार नाहीं. कांहीं तरी वांचले असते एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

या प्रकरणाचा मला समजलेला अर्थ असा. परळांत बाटलीला क्रमांक होता. पण त्या अंगणांत चिमटा पडला तो क्षण मात्र नुसत्या आठवणीवर राहिला. चिमटा कोणाच्याहि हातून पडेल. तो पडल्यावर काय करावयाचें, तें झालें कीं नाहीं हें कोणीं पाहावयाचें, आणि झालें नसेल तर 'थांबा' हा शब्द कोणीं उच्चारावयाचा, हें तेथें उभ्या असलेल्या प्रत्येकास ठाऊक असावें लागतें. समोर रांग लागलेली असते, साहेब घाईंत असतात, साहाय्यक हाताखालचा मनुष्य असतो. अशा वेळीं साहाय्यक आपण होऊन थांबत नाहीं, आणि पाहणारा बोलत नाहीं. प्रयोगशाळेंतील रीत लिहिली गेली तशी टोचण्याच्या जागेवरची रीतहि अशी पक्की बांधली गेली असती, तर १९ माणसें कदाचित् वांचलीं असतीं. आणि नसतीं वांचलीं, तर निदान कारण शोधण्यास पांच वर्षें लागलीं नसतीं.

मुलकोवालचा वाद मिटल्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं अर्नेस्ट कॉडमन या शस्त्रवैद्यानें याच प्रश्नाचें दुसरें टोंक धरलें. तो तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत काम करी. त्याचें म्हणणें ऐकावयास अगदीं साधें होतें. प्रत्येक रुग्णाचें एक कार्ड ठेवावें. त्यावर रोग काय होता, काय केलें, आणि वर्षानंतर रुग्ण कसा आहे हें लिहावें. बरा झाला नसेल तर कां झाला नाहीं, तेंहि प्रामाणिकपणें लिहावें. शेवटच्या वाक्यानें घात केला. आपल्या चुका आपल्याच हातानें लिहावयास मोठमोठे शस्त्रवैद्य तयार नव्हते.

कॉडमननें १९११ सालीं स्वतःचें छोटेंसें रुग्णालय काढलें आणि आपल्यापासून आरंभ केला. पांच वर्षांत तेथून ३३७ रुग्ण घरीं गेले. त्यांच्या उपचारांत १२३ चुका झाल्या असें त्यानें स्वतः छापून प्रसिद्ध केलें. ही चूक ज्ञान कमी पडल्यामुळें, ही हात कमी पडल्यामुळें, ही निर्णय चुकल्यामुळें, अशी त्यांची वर्गवारीहि केली. १९१४ मध्यें त्यानें मोठ्या रुग्णालयांतील जागेचा राजीनामा दिला होता. पुढल्या वर्षीं एका सभेंत त्यानें बड्या डॉक्टरांवरील एक व्यंगचित्र उघडें केलें, तेव्हां गांवच्या वैद्यमंडळाच्या समितीचें अध्यक्षपदहि गेलें. स्वभावानें तो सेमेलव्हाइसच्याच कुळांतला असावा.

तरीपण बीज रुजलें. अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयानें रुग्णालयांसाठीं किमान अटींचें एक पानी पत्रक काढलें. प्रत्येक रुग्णाची अचूक व पुरी नोंद असलीच पाहिजे ही त्यांतील एक अट होती. १९१८ मध्यें शंभर किंवा अधिक खाटांचीं ६९२ रुग्णालयें तपासलीं, तेव्हां अवघीं ८९ या साध्या कसोटीस उतरलीं. नापास झालेल्यांत देशांतील नांवाजलेलीं रुग्णालयें होतीं. १९१९ सालीं न्यूयॉर्क येथें अधिवेशनाच्या वेळीं हे आंकडे जाहीर करण्यांत आले. परंतु कोणतें रुग्णालय उतरलें व कोणतें नाहीं ही नांवांची यादी वर्तमानपत्रांच्या हातीं पडूं नये म्हणून हॉटेलच्या भट्टींत जाळून टाकली. कॉडमन १९४० मध्यें वारला. त्याच्या थडग्यावर दगड बसण्यास २०१४ साल उजाडावें लागलें.

व्हिएन्नांत नोंद होती, पण रीत इतरांपर्यंत पोंचली नाहीं. मुलकोवालांत बाटलीची नोंद होती, पण 'थांबा' म्हणणारा नव्हता. बोस्टनमध्यें चूक लिहिण्याची तयारी एकाचीच होती, आणि इतरांना त्या लिखाणाचें भय वाटलें. हे तिन्ही धागे एकत्र आले ते एकविसाव्या शतकाच्या आरंभीं, बाल्टिमोर शहरांतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत.

तेथें अतिदक्षता विभागांतील रुग्णांच्या मोठ्या शिरेंत औषधासाठीं एक नळी घालावी लागते. त्या नळीवाटे जंतू रक्तांत शिरले तर रुग्ण दगावूं शकतो. पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनीं २००१ सालीं कागदाच्या एका बाजूवर पांच गोष्टी लिहिल्या: हात साबणानें धुवावे, रुग्णाची त्वचा जंतुनाशकानें पुसावी, रुग्णाचें सर्वांग निर्जंतुक कापडानें झांकावें, टोपी, मुखपट्टी, झगा व हातमोजे घालावे, नळी घातल्यावर जागेवर निर्जंतुक पट्टी लावावी. यांत नवें असें कांहींच नव्हतें. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाहि हें सर्व पाठ असतें. म्हणून त्यांनीं नियम लादण्यापूर्वीं परिचारिकांना एक महिना नुसतें पाहून लिहावयास सांगितलें. महिन्याअखेर दिसून आलें कीं, एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतींत निदान एक तरी पायरी गाळली जात होती. जगांतील अग्रगण्य रुग्णालयांपैकीं एकांत ही स्थिती होती.

दुसऱ्या महिन्यापासून परिचारिकांना सांगण्यांत आलें: डॉक्टरांनीं पायरी गाळली तर त्यांना थांबवा, आणि ते थांबले नाहींत तर व्यवस्थापन तुमच्या पाठीशीं उभें राहील. माझ्या मतें त्या कागदाचें सारें सामर्थ्य या आज्ञेंत होतें. नळी घातल्यावर दहा दिवसांत होणाऱ्या जंतुसंसर्गाचें प्रमाण वर्षभरांत शेंकडा अकरांवरून शून्यावर आलें. पुढें मिशिगन राज्यांतील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हाच प्रयोग झाला. तेथें असेंहि आढळलें कीं, कित्येक ठिकाणीं तें जंतुनाशकच हाताशीं नव्हतें. यादी केल्यामुळें सामानाची उणीव उघडी पडली आणि भरून निघाली. नळी अंगांत असण्याच्या दर हजार दिवसांमागें मध्यम प्रतीच्या विभागांत २.७ संसर्ग होत. तीन महिन्यांत तो आंकडा शून्य झाला. हें १९०२ चेंच अंगण होतें. पण या वेळीं चिमटा पडला तर 'थांबा' म्हणण्याचा अधिकार हाताखालच्या माणसास दिलेला होता.

या कामांत एक दुवा आपल्या महाराष्ट्राचाहि आहे. शस्त्रवैद्य अतुल गावंडे हे अमेरिकेंत जन्मले व वाढले, पण त्यांच्या वडिलांचें मूळ गांव यवतमाळ जिल्ह्यांतील उटी. जागतिक आरोग्य संघटनेसाठीं त्यांच्या नेतृत्वाखालीं शस्त्रक्रियेची १९ कलमांची यादी तयार झाली. भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं, आणि रुग्णास खोलीबाहेर नेण्यापूर्वीं, असें तीनदां थांबावयाचें व कलमें मोठ्यानें वाचावयाचीं. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, हें त्यांत येतेंच. पण खोलींतील प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावें हेंहि एक कलम आहे. ज्याचें नांव सर्वांनीं ऐकलें तो गप्प बसत नाहीं, हें गावंडे यांनीं हेरलें होतें. दिल्ली, लंडन, मनिला, अम्मान, टोरांटो, ऑकलंड, सिएटल आणि टांझानियांतील इफाकारा, अशा आठ ठिकाणच्या रुग्णालयांत ही यादी लावून पाहिली. जानेवारी २००९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दीडवरून ०.८ वर आलें, आणि मोठ्या गुंतागुंतींचें अकरांवरून सातांवर.

येथें हें भाषण संपविलें असतें तर गोड झालें असतें. पण खरें झालें नसतें. कॅनडांतील ओंटारिओ प्रांतानें २०१० मध्यें ही यादी रुग्णालयांना सक्तीची केली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. यादी भरल्याचे अहवाल जवळजवळ सर्व ठिकाणांहून चोख येत होते. मृत्यूंचें प्रमाण मात्र ०.७१ वरून ०.६५ वर, म्हणजे म्हणण्यासारखें हललें नव्हतें. कागद तोच, कलमें तींच. असें कां झालें यावर जाणत्यांत वाद आहेत. वरून आलेल्या हुकुमाची खूण करणें आणि थांबून एकमेकांस विचारणें यांत अंतर आहे, हें त्याचें एक कारण सांगतात, आणि मला तें पटतें. कां पटतें तें सांगण्यासाठीं एक कबुली द्यावी लागेल.

मी तरुण शिक्षक असतांना एकदां तपासणी होणार असा निरोप आला. आठ दिवसांचें हजेरीपत्रक भरावयाचें राहिलें होतें. मीं तें एका बैठकींत भरून काढलें. हात सवयीनें चालला आणि प्रत्येक नांवापुढें हजेरी पडली. तपासणी उत्तम झाली. माझ्या हजेरीपत्रकाच्या टापटिपीबद्दल चार शब्दहि निघाले. दोन दिवसांनीं एका मुलाचे वडील शाळेच्या दाराशीं आले. मीं विचारलें, "काय हो, पोराचा गृहपाठ येत नाहीं तो?" ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं धा दिस तापानं अंथरुणावर हाय. साळंतून कुणी इचाराया आलं न्हाई, म्हून म्याच आलो." त्याला विषमज्वर झाला होता. माझ्या पत्रकांत मात्र तो रोज हजर होता. पत्रक कोरें राहिलें असतें तर मीं कोणाला तरी विचारलें असतें. खोट्या नोंदीनें विचारण्याची वाटच बंद करून टाकली. मुलगा पुढें बरा झाला, हें माझें नशीब.

तेव्हां मला वाटतें तें असें कीं, कामाची रीत लिहून काढणें हें रुग्णालयांतील मोठें औषध आहे, पण त्याला अनुपान लागतें. जें घडतें तेंच लिहिलेलें असावें; घडावयास हवें होतें तें नव्हे. चूक लिहिणाऱ्याला शिक्षा होऊं नये, नाहींतर चुका लिहिणें थांबेल आणि घडणें चालूच राहील. आणि धाकट्यानें थोरल्यास थांबविलें तर थोरल्यानें तें अपमान न मानतां ऐकावें. यांतील एक जरी नसलें, तरी कागद हा नुसता कागद उरतो.

आपण सर्व केव्हां ना केव्हां त्या खाटेवर पडणारच आहोंत. तेथें आपल्या हातीं फारसें कांहीं नसतें, तरी एक गोष्ट असते. परिचारिकेनें तिसऱ्यांदा नांव विचारलें तर तिसऱ्यांदा नीट सांगावें. आणि आपल्याला न विचारतांच काम पुढें चाललें, तर 'माझा डोळा कोणता, तें कागदांत पाहिलेंत का?' असें आपणच विनयानें विचारावें. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून माझ्याकडे शिल्लक आहे. येत्या हिवाळ्यांत पुन्हां त्या दाराशीं जावें लागेल. ती मुलगी तेथें असेल तर ती प्रश्न विचारण्यापूर्वींच मी सांगणार नाहीं. तिला विचारूं देईन, आणि मग उत्तर देईन.